फाइट कुणाशी, कुणाविरुद्ध आणि कशावरून?

या वेळी आलेल्या प्रश्नांमध्ये 'फाइट' या क्रियापदाची गर्दी झालीय. शाळेपासून येणारा शब्द, तरी लिहायला बसलं की पुढे 'विथ' लावू की 'अगेन्स्ट', की काहीच नको, इथे हात थांबतो. म्हणून हा अंक पूर्ण त्यालाच देतोय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंच लांबलंय पण ते नीट वाचा, बाकीच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : मुलीनं इतिहासाच्या पेपरात 'इटली फॉट विथ जर्मनी' असं लिहिलं. बाईंनी 'विथ' खोडून 'अगेन्स्ट' केलं. माझ्या मते मुलीला म्हणायचं होतं की इटली जर्मनीच्या बाजूनं लढली. मग तिचं वाक्य चूक की बाईंची दुरुस्ती चूक? डिक्शनरीत तर दोन्ही अर्थ दिसतात. (एक पालक)

उत्तर : तुमच्या मुलीनं नकळत फार सुंदर उदाहरण निवडलंय, कारण दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीबद्दल हे वाक्य दोन्ही अर्थांनी खरं आहे. १० जून १९४० ला इटली जर्मनीच्या बाजूनं युद्धात उतरली. मग सप्टेंबर १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांशी शस्त्रसंधी झाली आणि १३ ऑक्टोबर १९४३ ला त्याच इटलीच्या सरकारनं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं, आणि त्याच वेळी उत्तरेत मुसोलिनीचं वेगळं सरकार जर्मनीलाच धरून राहिलं. म्हणजे १९४१ बद्दल लिहिलं तर 'फॉट विथ जर्मनी'चा अर्थ जर्मनीच्या खांद्याला खांदा लावून, आणि १९४४ बद्दल लिहिलं तर कुठल्या इटलीबद्दल बोलताय ते आधी सांगावं लागणार. त्यामुळे व्याकरणाच्या दृष्टीनं मुलीचं वाक्य चूक नाही. पण इतिहासाच्या पेपरात ते अपुरं आहे. बाईंनी 'अगेन्स्ट' केलं तेव्हा एक अर्थ पक्का झाला, पण तो मुलीच्या मनातला होता का हे विचारायला हवं होतं. तिला बाजू सांगायची असेल तर 'इटली फॉट अलाँगसाइड जर्मनी' किंवा 'ऑन जर्मनीज साइड' असं लिहायचं, मग कुणालाच खोडता येणार नाही.

आता हा घोळ मुळात का आहे, कारण 'विथ' म्हणजे 'बरोबर' असं आपण पहिल्याच इयत्तेत शिकतो, आणि मग 'फाइट विथ'मध्ये तो अचानक 'विरुद्ध' कसा होतो हे कुणी सांगत नाही. खरं तर उलटं आहे. 'विरुद्ध' हा 'विथ'चा जुना अर्थ आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'विथ' हा शब्द मुख्यतः 'च्या विरुद्ध, च्या समोर' अशा अर्थानं वापरायचे, आणि 'बरोबर' म्हणायला 'मिड' असा वेगळाच शब्द होता, जर्मनमधल्या 'मिट'चा भाऊ. पुढे 'विथ'नं 'मिड'ची जागा हळूहळू खाल्ली आणि 'मिड' भाषेतून गेला. जाताना एक खूण ठेवून गेला ती म्हणजे 'मिडवाइफ', म्हणजे सुईण, यातला 'मिड' म्हणजे 'बरोबर' आणि 'वाइफ' म्हणजे त्या काळी नुसती 'बाई', बाळंतीण बाईच्या सोबत असणारी ती मिडवाइफ. आणि 'विथ'चा जुना विरोधाचा अर्थ 'विथस्टँड'मध्ये अजून जिवंत आहे, समोर उभं राहून टिकाव धरणं. भूकंप 'विथस्टँड' करणारी इमारत भूकंपाबरोबर उभी नसते, त्याच्यासमोर उभी असते. 'फाइट विथ', 'आर्ग्यू विथ', 'क्वारल विथ', 'क्लॅश विथ' या सगळ्यांमधला 'विथ' हाच जुना 'विथ' आहे. हे एकदा डोक्यात बसलं की ही सगळी क्रियापदं वेगवेगळी पाठ करायची गरज राहत नाही.

आणि आपण मराठीत हेच करतो की. 'तो माझ्याबरोबर भांडला' म्हटलं तर कुणालाही वाटत नाही की आम्ही दोघं मिळून तिसऱ्याशी भांडलो. पण 'तो सेनापतीबरोबर लढला' म्हटलं की लगेच शंका येते. त्यासाठी आपल्याकडे 'शी' आणि 'विरुद्ध' आहेत, तसं इंग्रजीत 'अगेन्स्ट' आहे.

मग वापरताना ओळखायचं कसं? पुढे कोण येतंय ते बघायचं. पुढे घरातलं माणूस, मित्र, शेजारी असं कुणी असेल तर अर्थ जवळजवळ नेहमी भांडणाचाच. 'शी फॉट विथ हर ब्रदर' म्हणजे ती भावाशी भांडली. पुढे सैन्य, तुकडी, संघटना असेल आणि माणूस तिचाच भाग असेल तर अर्थ सोबतीचा, 'ही फॉट विथ द फिफ्थ बटालियन' म्हणजे तो त्या बटालियनमधून लढला. पुढे हत्यार किंवा गुण आला तर तिसराच अर्थ, 'फॉट विथ सोर्ड्स' म्हणजे तलवारींनी लढले, 'फॉट विथ करेज' म्हणजे धैर्यानं लढले. चर्चिलचं ४ जून १९४० चं हाउस ऑफ कॉमन्समधलं भाषण बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, त्यात 'वी शॅल फाइट'ची जी माळ आहे तिच्यात लढण्याच्या जागा येतात, बीचेस, फील्ड्स, स्ट्रीट्स, हिल्स, शत्रूचं नाव त्या माळेत येतच नाही. 'विथ' मात्र येतो, आणि तो हा तिसरा 'विथ' असतो, 'विथ ग्रोइंग कॉन्फिडन्स', वाढत्या आत्मविश्वासानं. या क्रियापदाला कर्म नसलं तरी चालतं हे दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. कुणाशी हे सगळ्यांना माहीत असतं तेव्हा 'फाइट' एकटं उभं राहतं.

आणि उलट, कर्म थेट लावलं तरी चालतं. 'इटली फॉट जर्मनी' हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे आणि त्यात संदिग्धता शून्य, विरुद्धच. ही सवय आपल्याला नसते कारण मराठीत 'जर्मनीला लढली' होत नाही, 'शी' किंवा 'विरुद्ध' लागतंच, म्हणून आपला हात इंग्रजीतही काहीतरी शोधत राहतो. 'फाइट करप्शन', 'फाइट द फायर', 'फाइट द केस', 'फाइट द डिसीजन', सगळीकडे मधे काही नको. 'फाइट अगेन्स्ट करप्शन' चूक नाही, पण थोडं सभेतल्या भाषणासारखं लागतं.

राहिलेले तीन शब्द पटकन सांगतो. 'फॉर' म्हणजे साठी, जे मिळवायचंय किंवा वाचवायचंय ते. 'ओव्हर' म्हणजे वरून, आणि यात बहुतेक वेळा ती गोष्ट दोघांनाही हवी असते, 'द सिस्टर्स फॉट ओव्हर द हाउस'. 'अबाउट' म्हणजे भांडणाचा विषय, 'दे फॉट अबाउट मनी', पैशांबद्दल भांडले, पैसे कुणी कुणाकडून ओढून घेत नव्हतं. 'ओव्हर' आणि 'अबाउट' पुष्कळदा एकमेकांच्या जागी चालतात, त्यामुळे त्यात फार डोकं घालू नका. 'फॉर' मात्र दुसऱ्या कशाच्या जागी चालत नाही. गंमत बघा, 'फायरफायटर' आणि 'फ्रीडम फायटर' हे दोन शब्द बांधणीनं अगदी सारखे, पण एकात आग विझवायचीय आणि दुसऱ्यात स्वातंत्र्य मिळवायचंय, एकात 'अगेन्स्ट' लपलाय आणि एकात 'फॉर'. इंग्रजीनं जोडशब्द करताना ते शब्द गाळले आणि आपल्यावर सोडून दिलं. मराठीनं तसं केलं नाही, अग्निशामक म्हटलं की शमवणं आलंच.

प्रश्न : मीटिंगमध्ये डिझाइनवरून मी आणि एक सहकारी जरा जोरात बोललो. नंतर मी मेलमध्ये 'वी हॅड अ फाइट इन द मीटिंग' असं सहज लिहिलं तर परदेशातले मॅनेजर हादरले आणि थेट एचआरचा फोन आला. एवढं काय चुकलं? (नोकरदार वाचक)

उत्तर : व्याकरण काहीच चुकलं नाही, आधी ते सांगतो, कारण बरेच जण 'वी डिड अ फाइट' लिहितात ते मात्र चूक आहे. फाइट 'हॅव' करतात, 'गेट इंटू' करतात, 'स्टार्ट' करतात, आणि स्वतःहून उकरून काढली तर 'पिक' करतात. 'डू' करत नाहीत आणि 'प्ले' तर नाहीच.

तुमचं चुकलं ते प्रमाण. मराठीत आपल्याकडे याची केवढी मोठी शिडी आहे. बाचाबाची, हुज्जत, वादावादी, भांडण, खडाजंगी, झटापट, मारामारी, चकमक, लढाई, आणि कुठला शब्द कुठल्या पायरीवर बसतो हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजी 'फाइट' मात्र या शिडीच्या खालपासून वरपर्यंत सगळीकडे चालतो. नवराबायकोबद्दल 'दे हॅड अ फाइट' म्हटलं की ऐकणारा बोलाचालीचंच भांडण समजतो. शाळेतल्या मुलांबद्दल म्हटलं की गुद्दे समजतो. आणि ऑफिसमधल्या दोन मोठ्या माणसांबद्दल लिहून आलं की वाचणाऱ्याला नक्की कळत नाही, आणि ज्याच्यावर जबाबदारी असते तो वाईटातलं वाईट धरून चालतो. एचआरनं फोन केला यात मला तरी त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही.

तुम्हाला हवा होता तो शब्द 'डिसअॅग्रीमेंट', म्हणजे मतभेद. आवाज चढले होते हे सांगायचंच असेल तर 'वी हॅड अ हीटेड डिस्कशन'. त्याहून वर 'अॅन आर्ग्युमेंट', तोंडी वाद, राग आलेला, पण हात उचललेला नाही. आणि इथे एक गोष्ट आवर्जून सांगायचीय, 'आर्ग्यू' म्हणजे भांडणं एवढंच आपल्या डोक्यात असतं ते काढून टाका. 'शी आर्ग्यूज दॅट...' असं कुठल्याही लेखात किंवा रिपोर्टमध्ये आलं तर तिथे कुणी भांडत नाहीये, ती कारणं देऊन एक मुद्दा मांडतेय. वकील कोर्टात 'आर्ग्यू' करतात ते काम म्हणून. आपल्या ट्रान्सलेशनमध्ये अशा जागी सर्रास 'ती वाद घालते' असं येतं आणि बिचाऱ्या अभ्यासक बाई उगाच भांडकुदळ ठरतात. 'तिचं म्हणणं असं की' किंवा 'ती प्रतिपादन करते' एवढं पुरे.

बाकीच्यांपैकी 'क्वारल' हा थोडा जुन्या वळणाचा, पुस्तकी, बहुतेक वेळा तोंडी आणि एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांमधला. लॅटिनमध्ये तक्रार करणं या अर्थाचा जो शब्द होता तिथून फ्रेंचमार्गे आलेला, आणि अजूनही त्यात तक्रारीची छटा आहे, 'आय हॅव नो क्वारल विथ यू' म्हणजे माझी तुझ्याबद्दल काही तक्रार नाही. 'बिकर' आणि 'स्क्वाबल' म्हणजे किरकोळ, फालतू कारणावरची कुरबूर. 'रो' या स्पेलिंगचा एक ब्रिटिश शब्द आहे ज्याचा उच्चार 'राउ' होतो, 'काउ'सारखा, त्याचा अर्थ मोठं भांडण किंवा गदारोळ. 'रो' असा उच्चार केलात तर त्याचा अर्थ रांग होतो किंवा होडी वल्हवणं, तेव्हा बोलताना जपून.

'क्लॅश'बद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तो बातम्यांमधून आपल्या बोलण्यात आलाय आणि अर्धाच आलाय. आंदोलक आणि पोलीस 'क्लॅश' झाले एवढंच आपण वापरतो. पण त्या शब्दाचा मूळ नाद धातूवर धातू आपटल्याचा आहे, आणि इंग्रजी बोलणारे तो जिथे जिथे दोन गोष्टी एकमेकींना खपत नाहीत तिथे वापरतात. दोन मीटिंग एकाच वेळी आल्या, 'दे क्लॅश'. शर्टाचा रंग पँटला विचित्र दिसतोय, 'द कलर्स क्लॅश'. इथे कुणी रागावलेलं नाही, कुणाचा दोष नाही. म्हणून ऑफिसात हा फार सोयीचा शब्द आहे. 'अवर प्रायॉरिटीज क्लॅश' असं लिहिलं की माणसं बाजूला राहतात आणि भांडण प्रायॉरिटीजचं होतं. पुढच्या वेळी हे वाक्य वापरून बघा.

प्रश्न : जवळच्या मैत्रिणीचे वडील कॅन्सरनं गेले. ती परदेशात वाढलेली आहे त्यामुळे मेसेज इंग्रजीत लिहायचा होता. 'ही फॉट विथ कॅन्सर' की 'अगेन्स्ट कॅन्सर' की नुसतं 'फॉट कॅन्सर'? शेवटी 'लॉस्ट हिज बॅटल' असं लिहिलं. ते ठीक आहे ना? (एक वाचक)

उत्तर : तुमच्या मैत्रिणीच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं. आधी नुसतं व्याकरण सांगतो. क्रियापद असेल तर 'फॉट कॅन्सर' सगळ्यात स्वच्छ. नाम असेल तर 'हिज फाइट अगेन्स्ट कॅन्सर' किंवा 'हिज बॅटल विथ कॅन्सर'. 'ही फॉट विथ कॅन्सर' कळतं, चूकही नाही, पण कानाला जरा अडखळतं.

तुम्ही लिहिलेलं 'लॉस्ट हिज बॅटल' तर इंग्रजी वर्तमानपत्रांच्या निधनवार्तांमध्ये नेहमी दिसतं, त्यामुळे तुम्ही काही वावगं केलं असं अजिबात नाही, मैत्रिणीपर्यंत तुमची माया पोचलीच असणार. पण पुढच्या वेळेसाठी माझं मत विचाराल तर मी हा शब्दप्रयोग टाळतो आणि तुम्हीही टाळावा असं मला मनापासून वाटतं.

कारण असं की लढाई म्हटली की हार आणि जीत आली. आणि हरलेल्याबद्दल पहिला प्रश्न मनात येतो तो म्हणजे कुठे कमी पडला. पेशंट कुठेच कमी पडलेला नसतो. गाठ कुठली आहे, कधी सापडली, किती पसरली, औषधाला दाद देते की नाही, याच्यावर सगळं असतं आणि यातलं फारसं काही पेशंटच्या हातात नसतं. खूप जगण्याची इच्छा असलेली माणसं जातात. हे त्यांच्या घरच्यांना सगळ्यात आधी माहीत असतं, आणि त्यांना आपण 'लॉस्ट' हा शब्द पाठवतो. सूझन सॉन्टॅग या अमेरिकन लेखिकेनं, त्या स्वतः कॅन्सरच्या उपचारांतून गेल्या होत्या, १९७८ मध्येच आजारांभोवतीच्या असल्या रूपकांवर कडक टीका केली होती आणि त्यात युद्धाची भाषाही होती. ही भाषा सरकारी पातळीवर पण शिरलेली होती, १९७१ मध्ये अमेरिकेत नॅशनल कॅन्सर अॅक्ट झाला त्याला लोक 'वॉर ऑन कॅन्सर' म्हणायला लागले. संशोधनाला पैसा मिळवायला ही भाषा उपयोगी पडली असेल. पण धोरणाची भाषा वेगळी आणि माणसाच्या उशाशी बसून बोलायची भाषा वेगळी.

अर्थात काही पेशंट स्वतःच म्हणतात की 'आय अॅम फाइटिंग इट', त्यातून त्यांना बळ मिळतं, आणि ते तसं म्हणत असतील तर आपणही म्हणावं, तिथे शुद्धलेखन काढू नये. पण आपण होऊन ती भाषा त्यांच्यावर टाकू नये. जिवंत माणसाबद्दल 'शी इज लिव्हिंग विथ कॅन्सर' किंवा 'शी इज बीइंग ट्रीटेड फॉर कॅन्सर' म्हणता येतं. गेलेल्या माणसाबद्दल 'ही डाइड ऑफ कॅन्सर', किंवा आजाराचं नाव नको असेल तर 'आफ्टर अ लाँग इलनेस'. आणि मेसेजमध्ये आजाराबद्दल लिहायलाच हवं असं कुठे आहे, 'आय अॅम सो सॉरी अबाउट युवर फादर' एवढं लिहून खाली त्यांची एखादी आठवण लिहिलीत तर त्या आठवणीसाठी मैत्रीण तो मेसेज जपून ठेवेल.

प्रश्न : 'फाइटेड' का नाही? आणि स्पेलिंगमध्ये जी-एच कशाला, उच्चारात तर नाहीच. (नववीतला वाचक)

उत्तर : 'फाइटेड' नाही, भूतकाळ 'फॉट' आणि 'हॅव'बरोबरही 'फॉट'च. ज्या क्रियापदांचा वापर रोज आणि हजारो वर्षं होत आलाय ती आपली जुनी रूपं सोडत नाहीत, 'कम'चं 'केम', 'ईट'चं 'एट', तसंच हे. जी-एचबद्दल तुझी शंका रास्त आहे. तो आवाज एके काळी खरंच होता, घशातून निघणारा, आपल्या 'ख' आणि 'ह'च्या मधला. जर्मन भाषेत तो अजून ऐकू येतो, इंग्रजीतल्या 'नाइट'ला जर्मनमध्ये 'नाख्ट' म्हणतात, आणि स्कॉटलंडच्या बोलीत 'फाइट'ला 'फेख्ट' म्हणणारे लोक आहेत. इंग्रजी बोलणाऱ्यांनी तो आवाज सोडला पण लिहिताना अक्षरं तशीच ठेवली. 'लाइट', 'राइट', 'थॉट', 'डॉटर' सगळ्यांची हीच कथा. म्हणजे स्पेलिंग पाठ करताना मनात 'फिख्ट' असं म्हण, जी-एच कधी विसरणार नाहीस.

प्रश्न : 'फाइट ऑर फ्लाइट' यात विमानाचा काय संबंध?

उत्तर : विमानाचा संबंध नाही. इंग्रजीत 'फ्लाइट' हे नाम दोन क्रियापदांचं आहे, 'फ्लाय' म्हणजे उडणं आणि 'फ्ली' म्हणजे पळून जाणं, आणि इथला 'फ्लाइट' हा 'फ्ली'चा. संकट दिसलं की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं, छाती धडधडते, श्वास वाढतो, अॅड्रेनलिन सुटतं, ही कल्पना वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली. मराठीत 'लढा किंवा पळा' पुरेसं आहे. 'लढा किंवा उड्डाण' असं भाषांतर छापून आलेलं दिसतं ते चूक.

प्रश्न : 'फाइट अॅन इलेक्शन' हे इंडियन इंग्लिश आहे का? आमचे सर म्हणतात तसं म्हणत नाहीत. (स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा वाचक)

उत्तर : म्हणतात. ब्रिटिश वर्तमानपत्रांतही पक्ष निवडणूक 'फाइट' करतात, तेव्हा ते शुद्ध आहे. फरक आहे तो उमेदवार होण्याच्या क्रियापदात. ब्रिटनमध्ये उमेदवार निवडणुकीला 'स्टँड' करतो, उभा राहतो, आपल्या मराठीसारखंच. अमेरिकेत तो 'रन' करतो. आपल्याकडच्या इंग्रजीत 'कंटेस्ट' सगळ्यात जास्त. परीक्षेत 'कंटेस्ट' लिहा, कुठल्याही देशातला वाचक अडणार नाही.

प्रश्न : 'स्ट्रगल' आणि 'फाइट' यात नेमका फरक काय? मराठीत दोन्हीला संघर्षच म्हणतो आपण. (एक भाषांतरकार)

उत्तर : 'फाइट'मध्ये समोर कुणीतरी किंवा काहीतरी असतं. 'स्ट्रगल'मध्ये समोर कुणी असेलच असं नाही, पण दमछाक असते. 'ही इज स्ट्रगलिंग विथ मॅथ्स' म्हणजे त्याला गणित जड जातंय, इथे 'संघर्ष करतोय' लिहिलंत तर वाचक हसेल. 'शी स्ट्रगल्ड टू ओपन द डोअर', दार उघडता उघडेना. आणि व्याकरणातला फरक लक्षात ठेवा, 'स्ट्रगल'ला थेट कर्म लागत नाही, 'स्ट्रगल पॉव्हर्टी' होत नाही, 'विथ' किंवा 'अगेन्स्ट' लागतंच, 'फाइट पॉव्हर्टी' मात्र होतं. मराठीत आणताना 'संघर्ष' हा शब्द सगळीकडे ओतू नका. झगडणं, झुंजणं, धडपडणं, झटणं, जड जाणं, नाकी नऊ येणं, एवढं सगळं आपल्याकडे पडलंय, वाक्य बघून उचला. 'डॉक्टर्स फॉट टू सेव्ह हिम' यातल्या 'फाइट'ला सुद्धा मराठीत लढणं नकोय, 'डॉक्टरांनी त्याला वाचवायची शर्थ केली' म्हणा.

प्रश्न : एका कथेत 'शी फॉट बॅक टिअर्स' असं वाक्य आलं. मी 'तिनं रडत रडत प्रतिकार केला' असं समजले. बरोबर का? (एक वाचक)

उत्तर : नाही, अर्थ वेगळा आहे. 'फाइट बॅक' एकटं आलं तर प्रतिकार, उलट वार. पण त्याच्यापुढे अश्रू, हसू, राग असं स्वतःच्याच आतलं काही आलं तर अर्थ आवरणं, परतवून लावणं. 'शी फॉट बॅक टिअर्स', तिनं डोळ्यांतलं पाणी कसंबसं आवरलं. तुम्ही समजलात तसं म्हणायचं असेल तर मधे एक 'इन' लागतो, 'शी फॉट बॅक इन टिअर्स', ती रडत होती आणि तरी उलट लढली.